वर्गमित्राच्या लेखनावर अभिप्राय कसा द्यावा: पहिल्या वाचनापासून दुसऱ्या मसुद्यापर्यंत

वर्गातल्या कुणाचा निबंध हातात आला की बहुतेकांचे लक्ष आधी ऱ्हस्व-दीर्घाकडे जाते. दहा मिनिटांत पान खुणांनी भरते आणि वाचणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. ज्यांना खुणा करायचा संकोच वाटतो, ते 'मस्त झालाय' म्हणून कागद परत करतात. लिहिणाऱ्याचा मूळ प्रश्न दोन्हीकडे तसाच राहतो: मला जे म्हणायचे होते ते पोहोचले का?

शेरा आणि अभिप्राय यांत फरक आहे. शेरा पूर्ण झालेल्या कामावर, गुणांच्या शेजारी पडतो. अभिप्राय अजून बदलता येईल अशा मसुद्यावर दिला जातो. वर्गमित्र म्हणून तुम्हाला गुण द्यायचे नाहीत, आणि विषयही तुम्हाला लिहिणाऱ्यापेक्षा जास्त येत असेल असे नाही. पण तुम्ही तो मजकूर पहिल्यांदा वाचत असता, आणि हे लिहिणाऱ्याला कधीच जमत नाही. जे कागदावर उतरवायचे राहून गेले तेही त्याला तिथे दिसते, कारण ते त्याच्या डोक्यात असते. तुम्हाला फक्त कागदावरचे दिसते. म्हणून वाचताना तुम्हाला कुठे काय कळले, कुठे अडले आणि का अडले, याची नेमकी खबर देणे हे तुमचे काम. दुरुस्ती त्याची त्याने करायची.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे. सुमारे ८०० शब्दांचा, सहा परिच्छेदांचा निबंध. मागणी अशी की महाविद्यालयाचे वाचनालय संध्याकाळी पाचऐवजी रात्री नऊपर्यंत उघडे असावे. त्याची सुरुवात अशी:

'वाचनालय ही प्रत्येक महाविद्यालयाची महत्त्वाची गोष्ट आहे. पुस्तके माणसाला घडवतात. आमचे वाचनालय पाच वाजता बंद होते. अनेक विद्यार्थ्यांना याचा त्रास होतो. म्हणून ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवण्यात यावे.'

वाचायला घेण्याआधी

कागद हातात घेताना तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, हा कितवा मसुदा आहे आणि सादर कधी करायचा आहे. आठवडा हातात असेल तर अख्खी मांडणी हलवायला सांगता येते. उद्या सकाळी द्यायचा असेल तर तसे सांगणे निरुपयोगी. तेव्हा तासाभरात करता येतील असे दोनच बदल निवडा. दुसरी, नेमका प्रश्न काय दिला होता. प्रश्नाचे शब्द, शब्दमर्यादा आणि गुणांचे निकष स्वतः वाचा, लिहिणाऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका. 'चर्चा करा' असे विचारले असताना फक्त एकच बाजू मांडलेला निबंध कितीही चांगला असला तरी अपुरा ठरतो, आणि ही चूक प्रश्न न वाचलेल्या वाचकाला सापडत नाही.

तिसरी, त्याला स्वतःला कुठे शंका आहे. 'काहीही सांग' असे उत्तर आले तर प्रश्न बदला: 'कोणता परिच्छेद लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला?' याचे उत्तर प्रत्येकाकडे असते आणि बहुधा दुखणे तिथेच असते.

वेळेचा अंदाज आधीच बांधा. ८०० ते १००० शब्दांच्या निबंधाला पाऊण तास तरी हवा: पहिल्या वाचनाला ५ ते ७ मिनिटे, दुसऱ्याला १५, काय सांगायचे ते निवडायला ५ आणि लिहायला १५ ते २०. एवढा वेळ नसेल तर मोकळेपणाने सांगा आणि फक्त सुरुवात आणि शेवट वाचून द्या. घाईत वाचलेल्या अख्ख्या निबंधापेक्षा नीट वाचलेली दोन टोके जास्त उपयोगी पडतात.

पहिले वाचन: पेन बाजूला

पहिल्यांदा सरळ शेवटपर्यंत वाचा. अडखळलात तर पेन्सिलीचा एक ठिपका द्या आणि पुढे जा. त्या क्षणी थांबून दुरुस्ती करायला लागलात तर तुम्ही वाचक राहत नाही, तपासनीस होता. मग तिसऱ्या परिच्छेदात धागा सुटला तर तो लेखनामुळे सुटला की तुमच्या थांबण्यामुळे, हे सांगता येत नाही.

वाचून झाले की कागद पालथा घाला आणि न बघता एक वाक्य लिहा: 'हा निबंध म्हणतो की…' आमच्या उदाहरणात ते असे येऊ शकते: 'वाचन महत्त्वाचे असल्यामुळे वाचनालय जास्त वेळ उघडे हवे.' लिहिणाऱ्याला मात्र म्हणायचे आहे: 'प्रात्यक्षिके साडेपाचला संपतात, त्यामुळे विज्ञान शाखेला वाचनालय वापरताच येत नाही.' या दोन वाक्यांतली दरी हा तुम्ही देऊ शकणारा सर्वांत मोलाचा अभिप्राय. वाक्य लिहिताच आले नाही तर तेही तसेच सांगा. खाडाखोड करून लिहिणाऱ्याच्या मनातले वाक्य ओळखायचा प्रयत्न करू नका, परीक्षा तुमची नाही.

दुसरे वाचन: समासात दोन ओळी

आता पेन्सिल घ्या. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात दोन गोष्टी लिहा: हा परिच्छेद काय म्हणतो, आणि निबंधात तो काय काम करतो. प्रत्येकी पाच-सात शब्द पुरतात.

परिच्छेद २: वाचनाचे फायदे सांगतो. काम: दिसत नाही, वेळेच्या मागणीशी संबंध लागत नाही.
परिच्छेद ४: दिवे आणि कर्मचारी यांचा खर्च वाढेल. काम: विरोधी बाजू मांडतो, उत्तर देत नाही.
परिच्छेद ५: प्रात्यक्षिके साडेपाचला संपतात. काम: मागणीचे मुख्य कारण.

सहापैकी पाचव्या परिच्छेदात मुख्य कारण! हे समासातल्या ओळी लिहिल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. पहिल्या मसुद्यांत असे फार वेळा घडते, आणि त्यात लिहिणाऱ्याचा आळस नसतो. माणूस लिहिता लिहिता विचार करतो, त्यामुळे खरा मुद्दा त्याला उशिरा सापडतो आणि जिथे सापडला तिथेच राहतो.

या ओळींवरून आणखीही दोष उघडे पडतात. परिच्छेद काय म्हणतो हे सांगायला दोनदा 'आणि' लागला तर त्यात दोन विषय आहेत. दोन परिच्छेदांपुढे एकच ओळ आली तर मुद्दा विखुरला आहे. 'काम' या जागी काहीच सुचले नाही तर तो परिच्छेद गाळून वाचून बघा. निबंध तसाच उभा राहिला तर लिहिणाऱ्याला ते सांगा, पण 'हा काढ' असे सांगू नका. कदाचित तो परिच्छेद लागतो, फक्त जोडणारे एक वाक्य राहिले असेल.

हा समासातला आराखडा तसाच लिहिणाऱ्याच्या हाती द्या. बाकी काही लिहायला वेळ मिळाला नाही तरी चालेल.

काय सांगायचे, काय ठेवून द्यायचे

आता तुमच्याकडे पंधरा-वीस निरीक्षणे असतील. सगळी देऊ नका. मोठे मुद्दे जास्तीत जास्त तीन, आणि भाषेची एक सवय. यापलीकडे गेलात तर लिहिणारा सोपे तेवढे निवडतो: अनुस्वार दुरुस्त करतो आणि मांडणीला हात लावत नाही.

निवडताना मोठ्याकडून लहानाकडे या. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे का? एक स्पष्ट म्हणणे आहे का? त्याला आधार आहे का, आणि तो पटतो का? क्रम बरोबर आहे का? मग परिच्छेदाची बांधणी, मग वाक्ये, आणि सर्वांत शेवटी शुद्धलेखन. वरच्या पायरीवर काही मोठे बिघडले असेल तर खालच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नका. दुसरा परिच्छेद कदाचित जाणारच असेल तर त्यातल्या चार वेलांट्या सुधारून कुणाचे भले होणार? उलट नीटनेटके केलेले वाक्य काढून टाकायला लिहिणारा कचरतो.

एक अभिप्राय कसा लिहावा

'मांडणी विस्कळीत आहे. सुधार.' हे खरे असेलही, पण ते वाचून लिहिणाऱ्याला कुठे बोट ठेवायचे ते कळत नाही. उपयोगी अभिप्रायात जागा असते, वाचताना काय झाले ते असते, त्याचे कारण असते, आणि सुचली तर एखादी वाट असते. असा:

'परिच्छेद ५, पहिले वाक्य. प्रात्यक्षिके साडेपाचला संपतात हे इथे कळलं आणि तुझी मागणी मला एकदम पटली. तोपर्यंत पाच ही वेळ गैरसोयीची का, हे माहीत नसल्यामुळे आधीचे चार परिच्छेद मी नुसती वाचत गेले. हे कारण सुरुवातीला आणून बघशील का? मग दुसऱ्या परिच्छेदातलं काय ठेवायचं तेही दिसेल.'

किंवा सुरुवातीबद्दल: ''अनेक विद्यार्थ्यांना त्रास होतो' इथे मी थांबले. कोण विद्यार्थी आणि कसला त्रास, हे न कळल्यामुळे नऊच का, सात का नको, असा प्रश्न पडला.' यात उपाय सांगितलेला नाही, तरी पुढे काय करायचे ते लिहिणाऱ्याला कळते. वाट सुचली नाही म्हणून गप्प बसू नका. अडलेली जागा दाखवली तरी निम्मे काम होते.

बोलायचे ते कागदाबद्दल बोला. 'तू नेहमी मोघम लिहितोस' आणि 'हे वाक्य मोघम राहिले' यांतल्या पहिल्यावर माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, दुसऱ्यावर वाक्य बघतो. १९९६ साली अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी अभिप्रायाविषयीचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एकतृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. लक्ष कामावरून हटून स्वतःकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. 'तू हुशार आहेस' ही स्तुतीही याच कारणाने फारशी उपयोगी पडत नाही.

प्रश्न विचारणे चांगले, पण तो खरा प्रश्न असावा. ''अनेक' म्हणजे साधारण कोण?' याचे उत्तर तुम्हाला माहीत नाही, म्हणून तो खरा. 'हे वाक्य खरंच हवंय का?' हा प्रश्नाच्या वेषातला हुकूम आहे आणि तो टोमण्यासारखा लागतो. त्यापेक्षा 'हे वाक्य मला मागच्या वाक्याची पुनरुक्ती वाटलं' असे सरळ म्हणा.

आणि वाक्य स्वतः लिहून देऊ नका. मोह फार होतो, कारण दुसऱ्याचे वाक्य आपल्या तोंडाला आले की ते सुधारल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते फक्त तुमचे झालेले असते. नमुना द्यायचाच असेल तर वेगळ्या विषयावरच्या वाक्याचा द्या. संगणकावर हा धोका वाढतो. वर्डमधले 'ट्रॅक चेंजेस' किंवा गूगल डॉक्समधली सूचना सुचवण्याची सोय वापरली तर लिहिणारा एका दमात सगळे स्वीकारतो, त्यातून काही शिकत नाही. शेजारच्या टिपांमध्ये लिहा, मजकुराला हात लावू नका. कुणाचा मसुदा त्याला न विचारता दुसऱ्याला दाखवू नका किंवा एखाद्या एआय साधनात टाकू नका. तो तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो.

चांगले सांगायची पद्धत

'छान आहे, पण…' अशी सुरुवात झाली की ऐकणारा 'पण'ची वाट बघतो आणि 'छान' हवेत जाते. दोन गोड वाक्यांच्या मध्ये एक कडू वाक्य लपवण्याची युक्ती सगळ्यांना पाठ झाली आहे. चांगले जिथे आहे तिथेच, त्याची स्वतंत्र टीप लिहा आणि कारण द्या: 'परिच्छेद ३ मधलं बंद दारापाशी परत फिरणाऱ्या मुलांचं वर्णन. इथे पहिल्यांदा मला माणसं दिसली. हे ठेव.' असे सांगणे हा शिष्टाचाराचा भाग नाही. लिहिणाऱ्याला आपले काय साधले हे माहीत नसेल तर दुसऱ्या मसुद्यात तो नेमके तेच कापून टाकू शकतो. प्रत्येक निबंधात अशा दोन जागा तरी शोधा. सापडत नसतील तर अजून एकदा वाचा.

भाषेच्या चुका

सगळ्या चुकांवर खुणा करायच्या नाहीत. एकच परिच्छेद घ्या, त्यात वारंवार येणारी एक सवय शोधा, तिला नाव द्या आणि उरलेल्या जागा लिहिणाऱ्याला शोधू द्या. मराठीत नेहमी सापडणाऱ्या काही सवयी:

शब्दयोगी अव्यय तोडून लिहिणे: 'मित्रा साठी', 'पावसा मुळे'. ते जोडूनच येते: मित्रासाठी, पावसामुळे.

सामान्यरूपात दीर्घ तसेच ठेवणे: 'फूलाला', 'मूलाला'. फूल आणि मूल दीर्घ असले तरी फुलाला, मुलाला असे होते. परीक्षेला, पूजेला यांसारख्या तत्सम शब्दांत मात्र मूळचा दीर्घ टिकतो, त्यामुळे सरसकट ऱ्हस्व करायला सांगू नका.

'की' हे अव्यय ऱ्हस्व लिहिणे, किंवा 'आणि' दीर्घ.

याहून महत्त्वाची सवय म्हणजे 'करण्यात यावे', 'निर्णय घेण्यात आला' अशी वाक्ये. त्यांत कोणी करायचे तेच नाहीसे होते. आमच्या निबंधात 'उघडे ठेवण्यात यावे' हे मागणीचे वाक्य आहे, आणि मागणी कोणाकडे आहे, ग्रंथपालांकडे की प्राचार्यांकडे, हे त्यात नाही. भाषेची अशी चूक मुद्द्यापर्यंत पोहोचते, म्हणून ती आधी सांगा.

नियमाबद्दल खात्री नसेल तर दुरुस्त करू नका, 'शब्दकोशात बघ' एवढेच लिहा. बरोबर शब्द चुकीचा करून दिल्यावर तुमच्या बाकीच्या टिपांवरचा विश्वासही जातो.

शेवटचे टिपण

समासातल्या टिपांखेरीज १०० ते १५० शब्दांचे सलग टिपण द्या. सुरुवातीला तुम्ही पालथ्या कागदावर लिहिलेले ते एक वाक्य. मग काय साधले. मग तीन मोठे मुद्दे, महत्त्वाच्या क्रमाने. शेवटी, एकच बदल करायला वेळ असेल तर कोणता करावा. हे शेवटचे वाक्य लिहिताना तुमचीही कसोटी लागते. ते ठरवता आले नाही तर तुमची निवड अजून झालेली नाही.

समोरासमोर

शक्य असेल तर टिपण दिल्यावर पंधरा मिनिटे भेटा. समोर बसण्यापेक्षा शेजारी बसा, म्हणजे दोघांचे डोळे कागदावर राहतात. अडलेला परिच्छेद मोठ्याने वाचायचा असेल तर तुम्ही वाचा. लिहिणारा वाचताना हव्या त्या शब्दावर जोर देतो आणि लंगडे वाक्यही निभावून नेतो. तुम्ही वाचताना जिथे अडखळाल ते त्याला आपल्या कानांनी ऐकू येते.

पहिली पाच मिनिटे त्याने उत्तर न देता ऐकायचे, असे आधी ठरवा. तरीही मध्येच 'मला असं म्हणायचं होतं की…' येतेच. त्याला अडवू नका. ते वाक्य जसेच्या तसे लिहून घ्या आणि त्याच्या हाती द्या. बोलताना माणूस सरळ बोलतो, त्यामुळे मसुद्यात हवे असलेले वाक्य अनेकदा हेच असते.

दोन वाचकांनी उलटसुलट सांगितले तर लिहिणारा गोंधळतो. एक म्हणतो परिच्छेद वाढव, दुसरा म्हणतो काढ. दोघांचे बोट एकाच जागी आहे, इतके त्याला दाखवून द्या. जागा बहुधा बरोबर असते, उपाय त्याने ठरवावा.

लेखनप्रकार बदलला तर

प्रयोगाच्या अहवालाला एक कसोटी पुरते: फक्त हा कागद वाचून मला तोच प्रयोग करता येईल का? प्रमाण, एकके आणि कृतीचा क्रम यांत कुठे अडाल ते लिहा, आणि निरीक्षणांत निष्कर्ष मिसळले आहेत का ते बघा. कथेत कोण बोलते आहे हे कुठे कळेनासे झाले आणि कुठे विश्वास उडाला ते सांगा. कवितेचा अर्थ विचारू नका. कोणती ओळ वाचून झाल्यावरही सोबत राहिली ते सांगा.

अवघड प्रसंग

लिहिणारा तुमच्यापेक्षा सरस असेल तर? वाचकाची खबर द्यायला सरस लेखक असावे लागत नाही. २००९ साली क्रिस्टी लंडस्ट्रम आणि वेंडी बेकर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले: एक फक्त अभिप्राय देणारा, दुसरा फक्त मिळालेला अभिप्राय वापरणारा. स्वतःच्या लेखनात देणाऱ्यांची प्रगती जास्त झाली, आणि सुरुवातीच्या पातळीवरच्या विद्यार्थ्यांत ती विशेष दिसली. तेव्हा 'माझंच लेखन कच्चं' हे न वाचण्याचे कारण होऊ शकत नाही.

निबंध फारच कच्चा असेल तर तीन मुद्देही जास्त होतात. फक्त 'तुझं म्हणणं एका वाक्यात सांग' एवढेच करा आणि ते वाक्य कागदावर येईपर्यंत सोबत बसा.

मत पटत नसेल तर स्वतःला विचारा: हेच म्हणणे मला पटणारे असते तर मी ही टीप लिहिली असती का? नसती तर ती खोडा. वाद घालायचा असेल तर तो वेगळ्या वेळी घाला.

भाषा मध्येच बदलली, एखादा परिच्छेद उचललेला वाटला, तर आरोप करू नका आणि गटासमोर तर बोलूच नका. एकट्याला विचारा: 'हा भाग कुठून घेतलास? संदर्भ द्यायचा राहिलाय का?' बऱ्याचदा अवतरणचिन्हे राहिलेली असतात.

आणि कुणी स्वतःच्या आयुष्यातले दुखरे काही लिहिले असेल तर लगेच परिच्छेदांच्या क्रमावर येऊ नका. 'हे वाचायला दिलंस, बरं केलंस' एवढे आधी म्हणा, मग विचारा की मांडणीबद्दल ऐकायचे आहे की नुसते कुणी वाचावे असे वाटले होते. उत्तर काहीही असो, त्याप्रमाणे वागा.

दुसरा मसुदा आला तर

मागचे टिपण शेजारी ठेवा आणि आधी तेच तीन मुद्दे तपासा. एखादी सूचना घेतली नसेल तर रागावू नका. ती नाकारण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा आहे. ती जागा आता अडते की नाही तेवढेच बघा. पहिल्या वेळी सुटलेला मोठा दोष आता दिसला तर तो सांगा, आणि तेव्हा माझ्या नजरेतून सुटला होता हेही सांगा, म्हणजे आपणच नव्याने काही बिघडवले असे त्याला वाटणार नाही. शुद्धलेखनाची पूर्ण फेरी या टप्प्यावर करा. आता वाक्ये जागेवर बसली आहेत. शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करून एकेक परिच्छेद उलट क्रमाने वाचलात तर आशयाच्या ओघात डोळा पुढे सरकत नाही आणि सुटलेली अक्षरे सापडतात.